गावच्या घरी नवा टॅब: अँटिव्हायरस घ्यावा का, आणि किती?

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात हल्ली टॅब असतोच. आई-बाबांना मोठ्या पडद्यावर नातवंडं दिसावीत, बातम्या वाचता याव्यात, यूट्यूबवर दशावतार लावता यावा म्हणून घेतलेला. दुकानात बिल होताना काउंटरवर हमखास विचारतात, "सोबत अँटिव्हायरस टाकू का, वर्षभराचा?" आणि गावी एकटे राहणारे आई-बाबा डोळ्यांसमोर आले की माणूस "टाका" म्हणतो.

टाकू नका. आयपॅड असेल तर काहीच नको. प्ले स्टोअर असलेला आणि अपडेट मिळणारा अँड्रॉइड टॅब असेल तर त्यात आधीच असलेलं, ॲप्स तपासणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट पुरे. विंडोजवर चालणारा टॅब असेल तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर त्यात येतोच, तोही पुरे. अपवाद आहेत, ते पुढे येतील. पण अँटिव्हायरस नको म्हणजे काहीच नको असा अर्थ काढू नका. अर्धा-पाऊण तास बसून टॅबमध्ये ज्या गोष्टी करायच्या असतात, त्या विकतचा अँटिव्हायरस करून देत नाही.

आधी कारण समजून घेऊ. संगणकावरचा अँटिव्हायरस घरमालकासारखा असतो, प्रत्येक खोलीत शिरून बघतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या कुलूपबंद खोलीत राहतं आणि अँटिव्हायरस हाही तिथला एक भाडेकरूच असतो. कोणकोणती ॲप्स टाकली आहेत आणि त्यांच्या इन्स्टॉल फाइली कशा आहेत हे त्याला दिसतं, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये काय पडलंय तेही परवानगी दिली तर दिसतं. व्हॉट्सअॅपच्या किंवा बँकेच्या ॲपच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. आयपॅडवर तर दुसरी ॲप्स तपासण्याची सोयच ॲपलने ठेवलेली नाही. तिथे अँटिव्हायरस कंपन्यांची जी ॲप्स मिळतात त्यांत व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणं, वाईट संकेतस्थळं अडवणं असलं काहीबाही असतं.

अँड्रॉइडवर ही संकेतस्थळं अडवण्यासाठी अँटिव्हायरसला बहुधा दोनांपैकी एक वाट धरावी लागते. पहिली व्हीपीएनची, म्हणजे सगळी इंटरनेटची वाहतूक स्वतःतून वळवून घेण्याची. अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतं, त्यामुळे असली दोन ॲप्स टाकली की एक दुसऱ्याला बंद पाडतं. दुसरी वाट ॲक्सेसिबिलिटीची. ही परवानगी मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेचे पैसे पळवणारी ॲप्स नेमकी हीच परवानगी मागतात. "संरक्षणासाठी ॲक्सेसिबिलिटी चालू करा" अशी सवय एकदा आई-बाबांना लागली, की पुढच्या वेळी कोण मागतंय हे बघितलं जात नाही.

शिवाय अँटिव्हायरस म्हणून मिळणारं प्रत्येक ॲप खरोखर अँटिव्हायरस असतं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या तपासणी संस्थेने २०१९ मध्ये २५० अँड्रॉइड अँटिव्हायरस ॲप्सना २००० घातक ॲप्स दाखवून पाहिली. त्यांतल्या फक्त ८० ॲप्सनी ३० टक्क्यांहून जास्त घातक ॲप्स ओळखली आणि चांगल्या ॲपवर खोटा आळ घेतला नाही. काही तर केवळ नावांची यादी बघून निकाल देत होती, आणि त्या यादीत स्वतःचंच नाव घालायला विसरल्यामुळे स्वतःलाच धोकादायक ठरवत होती. म्हणून प्ले स्टोअरवर "व्हायरस क्लीनर", "फोन बूस्टर" असल्या नावांची मोफत ॲप्स दिसली तर हात लावू नका. जाहिराती दाखवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. घरासाठी घेतलेल्या बऱ्याच टॅबमध्ये ४ जीबी रॅम असते. त्यात कायम जागा राहणारं एक ॲप वाढलं की व्हिडिओ कॉल अडखळतो, मागे ठेवलेली ॲप्स बंद पडतात, बॅटरी लवकर उतरते. मग टॅब हळू झाला म्हणून कुणीतरी वर "क्लीनर" टाकतं.

टॅब निवडतानाच अर्धं काम

सुरक्षेसाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते जास्त वर्षं अपडेट मिळणाऱ्या टॅबवर करा. खोक्यावर ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते, कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव घालून शोधावी लागते. फरक फार मोठा असतो. २०१९ मध्ये आलेल्या सातव्या पिढीच्या साध्या आयपॅडला २०२४ चं आयपॅडओएस १८ मिळालं. सॅमसंगने टॅब एस १० मालिकेला सात वर्षं सुरक्षा अपडेट देण्याचं जाहीर केलं आहे. उलट काही स्वस्त टॅबना विकत घेतल्यावर एखाददुसरं अपडेट येतं आणि मग शांतता. ज्या टॅबमधली भोकं बुजवायला कुणी येणार नाही, त्यावर अँटिव्हायरस बसवणं म्हणजे गळक्या कौलांखाली बादली ठेवण्यासारखं आहे.

बिननावाचे, फारच स्वस्त टॅब तर घेऊच नका. २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० नावाचं प्रकरण उघड झालं. दहा लाखांहून जास्त स्वस्त अँड्रॉइड उपकरणांत, त्यात टीव्ही बॉक्स होते तसे टॅबही होते, घातक प्रोग्राम सापडले. पुष्कळ उपकरणांत तर ते कारखान्यातून निघतानाच बसलेले होते. असा प्रोग्राम सिस्टिमच्या भागात असतो, तिथे साध्या ॲपला लिहिता-पुसता येत नाही, त्यामुळे अँटिव्हायरस तो काढू शकत नाही. फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे टॅब पुसून नव्यासारखा कोरा केला, तरी तो राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या फोटोवर दाबा, सेटिंग्ज, मग अबाउट. तिथे प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशनखाली "डिव्हाइस इज सर्टिफाइड" दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर परत करण्याची मुदत असेपर्यंत परत करा. ही तपासणी मुंबईतच, दुकान जवळ असताना करायची. गावी पोचल्यावर उपयोग नाही.

अपडेटही मुंबईतच करून न्या. नव्या टॅबला खोक्यातून बाहेर काढल्यावर एकामागून एक दोन-तीन अपडेट निघतात, मोठं असेल तर जीबी-दीड जीबीचं. गावी मोबाइल हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबी डेटा त्यातच संपतो, आणि पावसात लाइट गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की डाउनलोड अर्ध्यावर थांबतं. सेटिंग्जमध्ये अबाउट टॅब्लेट, तिथे सॉफ्टवेअर इन्फर्मेशन किंवा अँड्रॉइड व्हर्जन उघडलं की सुरक्षा पॅचची तारीख दिसते. ती दोन-तीन महिन्यांहून जुनी नको. त्याच्या आसपास "गूगल प्ले सिस्टिम अपडेट" अशी वेगळी ओळ असते. अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचे काही भाग त्या वाटेने, कंपनीच्या अपडेटची वाट न बघता, सुधारता येतात. त्या ओळीवर बोट ठेवून तेही अपडेट करून घ्या. बहुतेकांना ही ओळ माहीतच नसते.

मग प्ले स्टोअरमधल्या त्याच फोटोवर दाबून प्ले प्रोटेक्ट उघडा, वरच्या चक्राच्या खुणेवर जा आणि दोन्ही बटणं चालू आहेत का बघा: ॲप्स तपासण्याचं, आणि अनोळखी ॲप गूगलकडे तपासायला पाठवण्याचं. सॅमसंगचा टॅब असेल तर सेटिंग्जमधल्या सिक्युरिटी अँड प्रायव्हसीत ऑटो ब्लॉकर असतो, वन यूआय (सॅमसंगचं अँड्रॉइडवरचं स्वतःचं रूप) ६ पासून. तो चालू ठेवा. प्ले स्टोअर आणि सॅमसंगचं स्वतःचं दुकान सोडून बाहेरचं ॲप तो बसूच देत नाही. गावच्या टॅबवर एवढं एक बटण कुठल्याही विकतच्या पॅकेजपेक्षा जास्त काम करतं. सॅमसंगच्या डिव्हाइस केअरमध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीचं ॲप तपासणारं साधनही असतं, म्हणजे दुसरा अँटिव्हायरस घेण्याचं कारण आणखीनच उरत नाही.

खरा चोर एपीकेच्या दाराने येतो

आपल्याकडे टॅबमधून पैसे जाण्याची नेहमीची वाट कशी असते ते नीट बघू. व्हॉट्सअॅपवर फाइल येते. तिचं नाव वीजबिल, आरटीओ चलान, पीएम किसान, बँक केवायसी किंवा लग्नपत्रिका असं काहीतरी. शेवटी असतं डॉट एपीके. पत्रिका किंवा बिल हे पीडीएफ असतं किंवा फोटो असतो. एपीके म्हणजे ॲप. कुणाचंही लग्न ॲपमध्ये लागत नाही, हे घरच्यांना एवढ्याच शब्दांत सांगा. होमस्टे चालवत असाल तर "बुकिंगचा तपशील" किंवा "पेमेंटची पावती" म्हणून आलेली एपीकेही त्याच पंगतीत बसवा. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून सोडू नका. ज्याचा फोन आधी फसला त्याच्या व्हॉट्सअॅपवरूनच ती पुढे जाते, म्हणून ती भावकीच्या ग्रुपवरही येते.

ही फाइल उघडली की अँड्रॉइड विचारतं, व्हॉट्सअॅपला बाहेरची ॲप्स बसवू द्यायची का? अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपसाठी वेगळी असते. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स अशा वाटेने जा आणि व्हॉट्सअॅप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर, जीमेल सगळ्यांपुढे "नॉट अलाउड" आहे याची खात्री करा. यादी शेवटपर्यंत बघा, एक जरी उघडं राहिलं तरी चोराला तेवढं पुरतं.

बसल्यावर ते ॲप तीन गोष्टी मागतं: एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं आणि ॲक्सेसिबिलिटी. पहिल्या दोन ओटीपीसाठी, तिसरी तुमच्या हाताने बँकेचं ॲप चालवण्यासाठी. गूगलने २०२४ मध्ये भारतात प्ले प्रोटेक्टची जी वाढीव तपासणी सुरू केली, तिचा रोखही याच परवानग्यांवर आहे: ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं ॲप त्या मागत असेल तर ते बसण्याआधीच अडवलं जातं. अँड्रॉइड १३ पासून आणखी एक अडसर आहे. बाहेरून आलेल्या ॲपसाठी ॲक्सेसिबिलिटीचं बटण राखाडी दिसतं, दाबता येत नाही. ते उघडायचं असेल तर त्या ॲपच्या माहितीत जाऊन कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून "अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज" निवडावं लागतं. ही पायरी सहजासहजी कुणाला सापडत नाही, म्हणून चोर फोनवर राहून ती सांगतो. "वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात ना काका, त्यावर दाबा." असं वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा, मग समोरचा कितीही गोड बोलत असो. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुसऱ्याला दूर बसून आपला पडदा दाखवणारी ॲप्स, टाकायला सांगणाऱ्यालाही हाच नियम. ती ॲप्स स्वतः खोटी नाहीत आणि प्ले स्टोअरवरच मिळतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध अँटिव्हायरस गप्प बसतो.

इथेच टॅबचा एक फायदा हातात घेता येतो. वायफायवाला, सिम नसलेला टॅब घ्या. त्यात एसएमएस येत नाही, म्हणून ओटीपी चोरायला तिथे काहीच नाही. यूपीआयची नोंदणी सिममधून जाणाऱ्या एसएमएसवर होते, त्यामुळे यूपीआयही त्यावर सुरू होत नाही. काहींना ही गैरसोय वाटते. गावच्या घरासाठी आमच्या मते हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ संरक्षण आहे: पैसे फोनवर, बघणं-बोलणं टॅबवर. सिमचाच टॅब लागणार असेल, कारण आजही पुष्कळ वाड्यांत वायफाय नाही, तर त्यात डेटापुरतं वेगळं सिम घाला. बँकेशी जोडलेला नंबर नको.

गूगल खातंही वेगळं काढा. घाईत मुलगा स्वतःचं खातं टॅबमध्ये घालून मुंबईला निघून जातो, आणि त्याचे क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड, फोटो, ईमेल सगळं माजघरातल्या टॅबवर येऊन बसतं. आई-बाबांचं खातं, त्याला रिकव्हरी म्हणून मुलाचा नंबर, दोन टप्प्यांची पडताळणी चालू, आणि खात्यात कुठलंही कार्ड जोडलेलं नाही. एवढं करा.

विकतचा कधी घ्यावा

ज्याला कामासाठी बाहेरच्या एपीके घालाव्याच लागतात, ज्याच्या टॅबची अपडेट थांबली आहेत पण तो आणखी वर्षभर चालवायचा आहे, किंवा दुकानात-होमस्टेत ज्या एका टॅबला दहा जणांचे हात लागतात, त्याने एक चांगला अँटिव्हायरस ठेवायला हरकत नाही. एकच. निवडताना एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज किंवा जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या अँड्रॉइड चाचण्यांत त्याचं नाव आहे का बघा. आपल्या पुण्याची क्विक हील कंपनी ओळखीची आहेच. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून सी-डॅक या सरकारी संस्थेचं एम-कवच २ हे सुरक्षेचं ॲप आणि बॉट (उपकरण परक्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) काढणारी साधनं मोफत मिळतात. घेतलात तर फक्त तपासणीचा भाग वापरा. ॲक्सेसिबिलिटी, कॉल आणि संपर्कांच्या परवानग्या देऊ नका, मुख्य काम त्यांच्यावाचूनही चालतं.

वाईट संकेतस्थळं अडवण्यासाठी तर ॲपच नको. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस नावाची जागा सेटिंग्जच्या नेटवर्कमध्ये असते (सॅमसंगमध्ये कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्ज). डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिथे क्वाड नाइन या अशाच एका सेवेचा मोफत पत्ता घाला. इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता: डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट, ९ इंग्रजी आकड्यात. घातक म्हणून माहीत असलेली संकेतस्थळं उघडायचीच थांबतात. अडचण एकच: स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या ज्या वायफायला आधी लॉगिनचं पान लागतं, तिथे ते पान उघडत नाही. तेवढ्यापुरतं "ऑटोमॅटिक" करा आणि नंतर पुन्हा बदला.

पडद्यावर "तुमच्या टॅबमध्ये ५ व्हायरस" असं वारंवार येऊ लागलं, तर बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी संकेतस्थळावर "अलाउ" दाबलं गेलेलं असतं आणि क्रोममधून त्याची नोटिफिकेशन येत राहतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी पत्ते दिसतील, सगळे बंद करा. आयपॅडवर हाच त्रास कॅलेंडरमधून होतो: कॅलेंडर ॲपमध्ये कॅलेंडर्सची यादी उघडा, अनोळखी नावाशेजारच्या "आय"वर जाऊन अनसबस्क्राइब करा. या दोन उपायांत घरून येणारे बरेचसे घाबरलेले फोन मिटतात.

खरंच एपीके बसली असेल तर क्रम असा. आधी वायफाय बंद, सिम असेल तर काढा. पॉवरचं बटण दाबून ठेवा आणि पडद्यावरच्या "पॉवर ऑफ"वर बोट दाबून धरा, सेफ मोड येतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत. आता ते ॲप काढा. अनइन्स्टॉल राखाडी दिसलं तर त्याने स्वतःला डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे टॅबचा कारभारी, करून घेतलंय. सेटिंग्जच्या शोधात "डिव्हाइस ॲडमिन" टाका, तिथली खूण काढा, मग काढता येतं. काही चोर ॲप्स यादीत नाव न ठेवता रिकामं किंवा सेटिंग्जसारखं चित्र लावून बसतात, त्यामुळे संपूर्ण यादी वाचा. शंका उरली तर फॅक्टरी रीसेट करा, नंतर जुन्या एपीके परत घालू नका. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या फोनवरून.

पैसे गेले असतील तर टॅब साफ करण्याच्या आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून मिनिटांना किंमत आहे.

पाणी, खारी हवा आणि कुलूप

कोकणात टॅब व्हायरसपेक्षा पाण्याने, खाऱ्या दमट हवेने आणि ओट्यावरून पडून जास्त जातात, आणि त्यासोबत फोटो जातात. गूगल खात्यात १५ जीबी मोफत असतात, आयक्लाउडमध्ये ५. गूगल फोटोजचा बॅकअप फक्त वायफायवर चालू ठेवा आणि चालतोय ना ते महिन्यातून एकदा मुंबईहून बघा, कारण जागा भरली की तो थांबतो आणि जाणवत नाही.

कुलूप सहा आकडी पिनचं ठेवा. स्वस्त टॅबचं चेहऱ्याचं कुलूप साध्या कॅमेऱ्यावर चालतं आणि काही वेळा फोटोनेही उघडतं. काजू, मासळी, शेतीच्या कामाने झिजलेल्या बोटांना ठशाचं कुलूप दाद देत नाही, वैतागून लोक कुलूपच काढून टाकतात. होमस्टेत पाहुण्यांना टॅब द्यायचा असेल तर सेटिंग्जमध्ये यूझर्सची सोय असते तिथून गेस्ट उघडून द्या. पाहुण्यांच्या आधारचे फोटो त्या टॅबच्या गॅलरीत ठेवू नका. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा आणि काम झालं की गॅलरीतून आणि ट्रॅशमधूनही काढा.

हरवलेला टॅब शोधणारं फाइंड हब चालू आहे ना बघा (आयपॅडवर फाइंड माय). सिमच्या टॅबला आयएमईआय (त्या उपकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो, तो चोरीनंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून बंद करता येतो. वायफायच्या टॅबला आयएमईआय नसतो, म्हणून अनुक्रमांक लिहून ठेवा. टॅब हरवला तर फोनवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसमधून त्याला लगेच बाहेर काढा.

निघायच्या आदल्या रात्री एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी चिकटवा: मुलाचा नंबर, बँकेचा नंबर, १९३०, टॅबचा अनुक्रमांक, आणि खाली एक ओळ: एपीके आली तर उघडू नका, आधी फोन करा. पिन त्या कागदावर नको. आणि कागदाला प्लास्टिक लावून घ्या, पावसाळ्यात भिंती ओल धरतात.